साष्टी बेटावर एक दिवस

ज्वालामुखीचे बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हवाई येते, गालापागोस येते, फार तर अंदमानातले बॅरन बेट येते. तेथे जायचे म्हणजे विमान हवे, बोट हवी, आणि खिसाही चांगला जड हवा. पण अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत तुम्ही उभे असता, तेव्हा एका बेटावरच उभे असता, आणि त्या बेटाचा जवळजवळ दगड न् दगड पृथ्वीच्या पोटातून रसरशीत तापलेला असा वर आलेला आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते? रुळांखालची ती काळी खडीसुद्धा त्याच कुळातली.

या बेटाचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, दक्षिणेस माहीमची आणि पश्चिमेस अरबी समुद्र. १८०३ साली शीवजवळ बांध घातला गेला, १८४५ साली माहीमचा झाला, आणि साष्टी मुंबईला जोडली गेली. त्यानंतर रेल्वेचे पूल झाले, रस्त्यांचे झाले. गाडी पुलावरून धडधडत जाते तेव्हा खाली पाणी आहे, याकडे मान वळवून बघायला कुणाला सवड असते! म्हणून या बेटावर राहणाऱ्या लाखो माणसांना आपण बेटावर राहतो असे वाटत नाही, इतकेच.

एक खुलासा आधीच केलेला बरा. हवाईसारखा समुद्राच्या तळातून ज्वालामुखी उगवला आणि त्याचे बेट झाले, असा प्रकार येथे घडलेला नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस उतू गेलेल्या दुधासारखा चहूकडे पसरला. एक थर निवतो न निवतो तोच दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. असे करता करता आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि आसपासचा मुलूख धरून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर हा काळा दगड पसरला. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, ते हेच थर. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर आजही एक ज्वालामुखी जागा आहे. त्याच्या मुळाशी जी उष्णता आहे तिच्याच डोक्यावरून त्या काळी भारताची भूमी उत्तरेकडे सरकत होती, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा दूरच्या बेटाचे आणि आपले नाते तसे चुलत घराण्याचे आहे.

मुंबईच्या बाजूचे दगड या सर्व खटाटोपाच्या शेवटाशेवटाचे. येथे लाव्हा नुसता पसरला नाही. काही ठिकाणी तो पाण्यात शिरला आणि पाण्यात पडताच उशांसारखे गोळे होऊन थिजला. दोन उद्रेकांच्या मध्ये पुष्कळ काळ शांततेचाही गेला. त्या शांततेत तळी साचली, तळ्यांत बेडूक झाले, कासवे झाली. वरळीच्या खडकांत त्या बेडकांचे अश्मीभूत सांगाडे मिळाले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे पश्चिमेकडची जमीन खचली, थर समुद्राकडे कलले, सखल भागांत पाणी शिरले, आणि उंच राहिले ते बेट झाले.

आता या बेटावर एक दिवस काढायचा, तर तो कोणता? थंडीतला. आणि त्यातही पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया. हे काही मुहूर्ताचे प्रकरण नव्हे बरे का! कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे : तिथीला तीनने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. द्वितीयेचे दोन, त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. दीडच्या सुमारास भरती पूर्ण. तेथून सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटे गेली की पूर्ण ओहोटी, म्हणजे पहाट सरून उजेड झाला की पावणेआठच्या आसपास. हा हिशेब मिनिटाचा नाही, अदमासाचा आहे. पण वेसाव्याच्या कोळ्याचे त्यावर भागत आले आहे. आणि सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येऊन गेल्यावर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठे असते. ज्या दिवशी पाणी खूप चढते त्याच दिवशी ते खूप उतरते. आपल्याला उतरलेले पाणी हवे आहे.

तर त्या दिवशी सात वाजता जुहूच्या किनाऱ्यावर जा. भेळेच्या गाड्यांकडे पाठ करा आणि पाण्याच्या कडेपर्यंत चालत जा. एरवी जेथे पुरुषभर पाणी असते तेथे ओली वाळू आणि मधूनमधून खडक उघडे पडलेले दिसतील. खडकांच्या खाचांत पाणी अडकून राहते. त्या एकेका डबक्यात एकेक संसार असतो. पाकळ्या पसरून बसलेले समुद्रपुष्प दिसेल. नाव फुलाचे, पण काम शिकाऱ्याचे. त्या पाकळ्यांत विषारी तंतू असतात आणि लहान मासा लागला की पाकळ्या मिटतात. मेलेल्या गोगलगाईचा शंख पाठीवर घेऊन पळणारा खेकडा दिसेल. अंग वाढले की तो मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवतो, आणि आपल्या या शहरातल्याप्रमाणेच त्यांच्यातही रिकाम्या जागेवरून मारामाऱ्या होतात. वाळूत अर्धवट रुतलेले, गळपट्ट्यासारखे एक वर्तुळ सापडेल. रबराचा तुकडा समजून पोरे ते फेकून देतात. तो कचरा नव्हे, एका गोल शंखाच्या गोगलगाईने वाळू आणि चिकट स्राव कालवून त्यात घातलेली अंडी आहेत. नशीब असेल तर एखादा लहानसा अष्टपाद खडकाच्या रंगाचा होऊन बसलेला दिसेल, म्हणजे दिसणार नाहीच, तो हलला तर कळेल.

मुंबईच्या समुद्रात काय आहे, घाणच ना, असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद करण्याचे काम २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातल्या मंडळींनी केले आहे. लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन त्यांनी हा खजिना दाखवला आणि नोंदवून ठेवला. मुंबईच्या खडकांवर जिवंत प्रवाळही आहेत. किनारी रस्त्याचे काम निघाले तेव्हा २०२० साली वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या, तेव्हा कुठे पुष्कळांना ही बातमी प्रथम कळली. प्रवाळ हे आपल्या वन्यजीव कायद्याने वाघाच्या बरोबरीने रक्षिलेले प्राणी आहेत.

येथे कुणी म्हणेल, बेटावर गेलेले लोक तोंडात नळी धरून पाण्यात तोंड घालतात आणि मासे बघतात. ते आपल्याकडे का होऊ नये? ते येथे होत नाही याचे कारण घाण एवढेच नाही. उल्हास, वैतरणा आणि लहानमोठ्या खाड्या वर्षानुवर्षे गाळ आणून टाकतात, आणि चार-पाच मीटर चढणारी-उतरणारी भरती तो गाळ खाली बसूच देत नाही. पाणी गढूळ, तेथे मुखवटा लावूनही हातापलीकडचे दिसायचे नाही. ही हौस पुरवायची तर मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि पावसाळ्याचा गढूळपणा बसला की थंडीत तेथले पाणी पुष्कळ स्वच्छ असते.

या नळी-मुखवट्याचे शास्त्र मात्र समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात डोळे उघडले तर सारे धूसर दिसते, कारण आपल्या डोळ्याच्या पडद्यापुढे हवा असेल तरच तो प्रकाश नीट वळवतो. पाणी आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा यांची जात जवळजवळ एकच, त्यामुळे प्रकाश वळतच नाही. मुखवट्याची काच डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा धरून ठेवते, आणि सारे स्पष्ट होते. फक्त मासा असतो त्याहून तिसऱ्या हिश्श्याने मोठा दिसतो. (मालवणहून परत आलेल्या मंडळींनी सांगितलेल्या माशांच्या मापांतून तेवढे वजा करावे.) आणि नळी हात-दीड हातच का? चांगली पुरुषभर लांब का नाही? एक मीटर खोल गेलात की छातीच्या दर चौरस फुटावर सुमारे नव्वद किलोचा दाब पडतो. नळीतून येणारी हवा मात्र वरच्या साध्या दाबाची. एवढे ओझे उचलून छाती फुगवणे कुणाच्याही फासळ्यांना झेपायचे नाही. शिवाय लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास साचून राहतो आणि तोच पुन्हा आत येतो. म्हणून नळी आखूड, आणि नळीवाल्याने पाण्याच्या पृष्ठावरच तरंगायचे.

यातली अर्धी गंमत जुहूला फुकट मिळते. स्वयंपाकघरातला सपाट बुडाचा पारदर्शक डबा घ्या, तो डबक्यातल्या पाण्यावर बोटभर दाबा आणि वरून आत बघा. पाण्यावरच्या लहरी आणि आकाशाची चकाकी, दोन्ही नाहीशी होतात आणि तळ आरशासारखा समोर येतो. मुलांना हा उद्योग दिला की त्यांना तेथून उठवणे कठीण. दोन-तीन गोष्टी मात्र पाळा. पायांत जाड तळाचे बूट असू द्या, कारण उथळ वाळूत पाकट दडून बसलेला असतो आणि त्याच्या शेपटीचा काटा वाईट. उचललेला दगड जसा होता तसा, त्याच बाजूवर परत ठेवा. खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात दोन घटकांत मरतात. आणि पाणी फिरले की निघा. पावसाळ्याच्या दिवसांत तर किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात, त्यांना ब्लू बॉटल म्हणतात. त्यांना हात लावू नका. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहूला पुष्कळांनी त्यांचा प्रसाद घेतला.

आता अंधेरी. स्टेशनच्या पश्चिमेला गावदेवी डोंगरीत, झोपड्या आणि इमारती यांच्या गर्दीत, एक काळाकुट्ट सुळका सुमारे दोनशे फूट सरळ उभा आहे. हाच गिल्बर्ट हिल. जवळ गेलात की दिसेल की तो अखंड दगड नाही. शेकडो उभे खांब एकाला एक चिकटवून ठेवावेत तशी त्याची रचना आहे. सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. तो जागच्या जागी सावकाश निवत गेला. निवताना तो आकसला. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात ना, तशाच भेगा त्याला पडल्या आणि आत-आत, खोल-खोल जात राहिल्या. ताण सर्व बाजूंनी सारखा असला की भेगा साधारण षटकोनी पडतात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. अमेरिकेत वायोमिंग प्रांतात डेव्हिल्स टॉवर म्हणून असाच एक स्तंभांचा डोंगर आहे. तो पाहायला दुरून माणसे येतात. आपला सुळका अंधेरीच्या लोकलमधून उतरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि त्याच्या पायथ्याशी राहणारी माणसे त्यावर चढतात ती गावदेवीच्या दर्शनाला. तेही बरेच आहे म्हणायचे. देवी वर बसली आहे म्हणून तेथवर पायऱ्या आहेत आणि माणसांची ये-जा आहे.

हा डोंगर पूर्वी याहून पुष्कळ ऐसपैस होता. खाणवाल्यांनी चहूबाजूंनी तो फोडून नेला. उपनगरांच्या पायांत त्याचे दगड गेले असतील. १९५२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २००७ साली महापालिकेने वारसा म्हणून त्याची नोंद केली. तरी इमारती अगदी अंगाला भिडल्या आहेत, आणि खांबांचे तुकडे सुटून खाली पडण्याची भीती दोघांनाही आहे, डोंगरालाही आणि खालच्या घरांनाही. माझ्या मते मुंबईत पाहण्यासारख्या स्थळांची यादी करायची तर राणीच्या बागेच्याही आधी याचे नाव घ्यावे. पण यादी करणारे बहुधा चर्चगेटच्या अलीकडे येत नाहीत.

अकराच्या सुमारास बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान गाठा. शंभराहून थोडे अधिक चौरस किलोमीटरांचे हे रान म्हणजे बेटाचा कणा. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. पहिला १८६० साली पुरा झाला, दुसरा १८७९ साली. मुंबईला पाणी हवे म्हणून हे पाणलोटाचे रान राखले गेले, आणि पाण्यासाठी राखले म्हणून जनावरेही राहिली. फाटकापासून आत सहाएक किलोमीटरांवर कान्हेरीची लेणी आहेत. येथला दगड निराळा. हा शांतपणे पसरलेला लाव्हा नव्हे. स्फोटात फुटलेल्या दगडांचे तुकडे राखेत रुतून घट्ट झालेले आहेत. भिंतीला हात लावलात तर ते लहानमोठे तुकडे बोटांना कळतील. गिल्बर्ट हिलच्या दगडापेक्षा हा छिन्नीला सोयीचा. सुमारे हजार वर्षे भिक्षूंनी आणि पाथरवटांनी येथे शंभराहून अधिक गुंफा कोरल्या. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळचा लेख आहे. पैसा दिला तो पुष्कळसा सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी. मला स्वतःला मूर्तींपेक्षाही तेथली पाण्याची टाकी अधिक नवलाची वाटतात. जवळजवळ प्रत्येक गुंफेच्या दाराशी एक टाके, आणि डोंगराच्या पाठीवरून पावसाचे पाणी त्यात आणून सोडणारे कोरीव पन्हळ. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, हे आपल्या बेटाचे गणित त्यांनी फार लवकर सोडवले होते.

रानात बिबट्या आहे. अलीकडच्या गणनांप्रमाणे या उद्यानात आणि लगतच्या आरे वसाहतीत मिळून पन्नासच्या आसपास बिबटे असावेत. तुम्हाला तो दिसणार नाही, त्याने तुम्हाला पाहिले असण्याचा संभव मात्र आहे. इतक्या माणसांच्या गराड्यात तो जगतो कसा? रात्री हिंडतो, दिवसा दडतो, चितळ-सांबर मारतो आणि वस्तीच्या कडेची भटकी कुत्रीही मारतो. २००२ ते २००४ च्या सुमारास येथे माणसांवर फार हल्ले झाले. बिबट्या दिसला की पकडायचा आणि भलत्याच रानात नेऊन सोडायचा, ही त्या काळची रीत. तिने भांडण मिटण्याऐवजी वाढते, असे पुढे अभ्यासकांना आढळले. कारण जनावराला आपला मुलूख असतो. २००९ साली विद्या अत्रेय आणि वनखाते यांनी नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. त्याला 'आजोबा' म्हणत. हे आजोबा गावे, रस्ते, रेल्वे ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालले आणि थेट या उद्यानात येऊन राहिले. वाटेत कुणाला ओरखडाही नाही. २०११ साली घोडबंदर भागातल्या महामार्गावर वाहनाची धडक बसून ते मेले.

कान्हेरीच्या वाटेवर उतारांवर जी खरखरीत पानांची झुडपे दिसतात ती कारवी. ती आठ वर्षांनी एकदाच, सगळी एकदम, जांभळी-निळी फुलते आणि बी धरून मरते. येथे ती २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली. पुढचा हिशेब तुम्ही करा.

तीन वाजता घोडबंदरच्या रस्त्याने डोंगराला वळसा घालून मुलुंडच्या बाजूला उतरा. दीड-पावणेदोनला भरती पुरी होऊन पाणी आता ओसरू लागलेले असते. ठाण्याच्या खाडीचा चिखल हळूहळू उघडा पडतो, आणि तिवरांच्या झाडीपलीकडे गुलाबी रेघ ओढल्यासारखे रोहित पक्षी दिसू लागतात. भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूने पाहता येतात. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडलात तर पलीकडे वनखात्याचे केंद्र आहे आणि पाणी असेल तेव्हा तेथून होडीही जाते. १९९० नंतर हे पक्षी येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनांत त्यांचा आकडा लाखाच्या वर गेला आहे. त्यांत छोटा रोहित बहुसंख्य. तो चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि जिभेने पाणी आतबाहेर करून सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. त्या शेवाळातल्या रंगानेच त्याची पिसे गुलाबी होतात. पिल्लू जन्मते ते राखाडीच. २०१५ साली ही खाडी रोहितांचे अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत गेली. खाली चिखलात बघायलाही विसरू नका. डोळे वर काढून चिखलावर सरपटणारा मासा दिसेल, तीच निवटी. गालात पाणी धरून ती पाण्याबाहेर वावरते. तिवराचे एक पान जिभेला लावा, खारट लागेल. झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते.

हे पक्षी भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालतात. चिखल बुडाला की थवा उठतो आणि नवी मुंबईकडच्या पाणथळींवर जाऊन बसतो. रात्र असली तरी. त्या पाणथळी एकेक करून भरून काढल्या, कोरड्या पडल्या, तर उठलेल्या थव्याने उतरायचे कुठे? २०२४ च्या मे महिन्याच्या २० तारखेस रात्री विमानतळाकडे उतरणाऱ्या एका विमानाची धडक रोहितांच्या थव्याला बसली. विमान सुखरूप उतरले. तीसहून अधिक पक्षी घाटकोपरच्या घरांवर आणि गल्ल्यांत मरून पडले. दुसऱ्या दिवशी ज्यांनी ते गोळा केले त्यांच्यापैकी कित्येकांनी रोहित इतक्या जवळून त्याआधी कधी पाहिला नसेल.

निघण्यापूर्वी एवढे पाहून ठेवा. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. द्वितीया रविवारी येत नसेल तर तृतीयाही चालते, ओहोटी पाऊण तास उशिरा येईल इतकेच. पंचमीच्या पुढे मात्र जुहूला जाऊन उपयोग नाही. भांगाचे पाणी पुरते उतरत नाही आणि खडक उघडे पडत नाहीत.